वारं, मश्रूम आणि केमिकल लोचा

'लगे रहो मुन्नाभाई' २००६ साली आला आणि आपल्याला एक फार सोयीचा शब्द देऊन गेला. केमिकल लोचा! कुणाला काही दिसलं, कुणाच्या अंगात आलं, कुणी समाधीबिमाधीबद्दल बोलायला लागलं की हा शब्द फेकायचा. वाद संपला. समोरचा गप्प, आपण शास्त्रीय.

मला या शब्दाचा कंटाळा आलाय. आणि डहाणू-तलासरीकडच्या वारली भगताबद्दल बोलताना कुणी तो वापरला, की कंटाळ्याच्या पुढं जाऊन रागच येतो. म्हणून हा लेख.

ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पाड्यावर काही आजार असतो, लग्न असतं किंवा देवाचं काही करायचं असतं. भगत येऊन बसतो. तांदळाचे दाणे बघतो. वाद्य चालू असतं, देवांची नावं घेतली जातात. हळूहळू त्याचं अंग थरथरायला लागतं, मान घुमायला लागते, आवाज बदलतो. आता बोलतोय तो शेजारचा अमुक नाही, देव बोलतोय, असं सगळे धरून चालतात. याला वारं येणं म्हणतात. आपल्याकडे घाटावर अंगात येणं म्हणतात तेच.

शहरातून हे बघायला जाणाऱ्यांच्या दोन जाती आहेत. पहिली जात म्हणते, "अहो, ताडी चढलीय त्याला, दुसरं काय!" दुसरी जात जरा नवीन आहे. मायकल पोलनचं २०१८ सालचं सायकेडेलिक औषधांवरचं पुस्तक वाचलेली, शनिवार-रविवार डहाणूच्या चिकूच्या वाडीत काढणारी. ती म्हणते, "हा तर आपला शमन! हा ज्या अवस्थेत जातो ना, तिथंच मश्रूम खाऊन जाता येतं. मेंदूचा तोच भाग बंद होतो." वारली चित्रांकडे बोट दाखवून ती "हे सगळं ट्रिपमध्येच सुचलेलं" असंही सांगते.

या दोन जाती एकमेकींची टिंगल करतात. पण नीट बघा, दोघींचं म्हणणं एकच आहे. जे काय आहे ते डोक्यातल्या रसायनात आहे, बाकी सगळी सजावट! एकीला ते रसायन हलकं वाटतं आणि दुसरीला पवित्र. इतकाच काय तो फरक. भगत काय बोलला, कुणाला बोलला आणि ते ऐकून लोकांनी पुढं काय केलं, हे दोघींपैकी एकीलाही विचारावंसं वाटत नाही.

आधी ताडीचा निकाल लावू. ताडीत असतं इथेनॉल, म्हणजे दारूतलं साधं अल्कोहोल. ते मेंदूतल्या गाबा नावाच्या रसायनाचा जोर वाढवतं आणि ग्लुटामेटचा कमी करतं. जीभ जड होते, तोल जातो, झोप येते. एलएसडी आणि मश्रूममधलं सायलोसिबिन यांचं काम निराळं. ती दोन्ही सेरोटोनिनच्या ५-एचटी-२ए नावाच्या रिसेप्टरवर जाऊन बसतात. धोतरा तिसराच प्रकार. तो अ‍ॅसिटिलकोलिनचा रस्ता अडवतो, माणूस भ्रमिष्ट होतो आणि मरूही शकतो. कुलपं तीन आणि किल्ल्या तीन. या तिघांना 'नशा' या एका गोणीत भरणं हेच मुळात अशास्त्रीय आहे.

आणि ताडीनंच वारं येत असतं तर ताडीच्या मोसमात रोज संध्याकाळी अख्खा पाडा घुमत बसला असता की! तसं होत नाही. पिणारे पुष्कळ असतात, वारं एखाद्यालाच येतं.

आता मश्रूमवाल्यांकडे वळू. त्यांच्याकडे खरं विज्ञान आहे, ते मी नाकारत नाही. १९४३ च्या एप्रिलमध्ये स्वित्झर्लंडमधल्या बासेलला अल्बर्ट हॉफमननं स्वतःवर एलएसडीचा प्रयोग केला, तिथपासून या विषयावर पुष्कळ काम झालंय. झुरिकमध्ये १९९८ साली फ्रान्झ फॉलेनवायडर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की केटान्सेरिन नावाच्या औषधानं तो ५-एचटी-२ए रिसेप्टर आधीच अडवला, तर सायलोसिबिन घेऊनही भास जवळजवळ होत नाहीत. फारच देखणा प्रयोग! २०१२ साली लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या रॉबिन कारहार्ट-हॅरिस, डेव्हिड नट वगैरे मंडळींनी ३० जणांना सायलोसिबिन टोचून एमआरआय यंत्रात झोपवलं. मेंदू पेटून उठलेला दिसेल असं कुणालाही वाटलं असतं. दिसलं उलटंच. मेंदूच्या मधल्या पट्ट्यातल्या काही मोक्याच्या जागांचा रक्तपुरवठा कमी झाला होता. आणि जितका तो कमी, तितका अनुभव जोरदार.

झालं! 'अहंकाराचा बल्ब विझला की विश्वाचा प्रकाश दिसतो' अशी वाक्यं तेव्हापासून फिरायला लागली.

पण त्याच झुरिकमध्ये १९९७ साली दुसऱ्या प्रकारच्या यंत्रानं, म्हणजे पेट स्कॅननं, याच सायलोसिबिनचा अभ्यास झाला होता. त्यात मेंदूचा पुढचा भाग जास्त साखर जाळताना दिसला होता. म्हणजे एका यंत्रात काम वाढलं आणि दुसऱ्यात रक्त कमी झालं. यात कुणी खोटं बोलत नाहीये. एक यंत्र साखर मोजतं, दुसरं रक्त मोजतं, वेळ वेगळी, औषध द्यायची तऱ्हा वेगळी. शास्त्रज्ञांना हे पक्कं माहीत असतं. ते बिचारे सांभाळूनच लिहितात. विश्वाचा प्रकाश आपण घालतो.

बरं, वारं आणि मश्रूम यांचा मेंदू तरी सारखा दिसतो का? वारं आलेल्या माणसाला एमआरआयच्या नळकांड्यात झोपवता येत नाही, हे उघड आहे. पण जपानी शास्त्रज्ञ त्सुतोमु ओहाशी आणि सहकाऱ्यांनी बालीमधल्या एका विधीत भाग घेणाऱ्यांच्या डोक्याला बिनतारी ईईजी लावला. त्याचा निबंध २००२ साली आला. विधीत ज्याच्या अंगात आलं त्याच्या मेंदूत अपस्माराची, म्हणजे फिटची, कसलीही खूण दिसली नाही. थीटा आणि अल्फा लहरी मात्र खूप वाढल्या. आणि सायलोसिबिनमध्ये? २०१३ साली चुंबकीय पद्धतीनं मोजलं तेव्हा अल्फासकट बऱ्याच लहरींचा जोर घटलेला निघाला. एका माणसावरून सिद्धांत मांडू नये, मीही मांडत नाही. पण 'मेंदूत तेच होतं' असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांना विचारावंसं वाटतं, की बाबांनो, हे तुम्ही कुठं मोजलंत?

आणखी एक गंमत. इंपीरियलवाल्यांच्या प्रयोगात 'अनुभव जोरदार' हे यंत्राला कसं कळलं? यंत्राला कळलंच नाही. ते त्या माणसांना विचारलं गेलं! किती जोरात जाणवलं ते आकड्यांत सांगा, म्हणून. त्यांनी आकडे सांगितले आणि ते रक्ताच्या आकड्यांशेजारी ठेवले. म्हणजे अनुभवाची साक्ष शेवटी ज्याला आला त्यानंच द्यायची. प्रयोगातल्या स्वयंसेवकाचा शब्द विज्ञान मानतं. तलासरीच्या भगताला मात्र कुणी विचारत नाही. त्याच्या वतीनं आपणच सांगून मोकळे होतो, की लोचा झालाय. यात विज्ञान किती आणि जातीचा-शिक्षणाचा माज किती, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

तुम्ही म्हणाल, पण केटान्सेरिनचं काय? रिसेप्टर अडवला की अनुभव गेला, मग अनुभव रिसेप्टरमध्येच नाही का? तारप्याचा भोपळा फुटला की सूर थांबतो, हे जितकं खरं तितकंच हे. भोपळ्याशिवाय सूर नाही. पण कुठल्या सुरावर नाचाचा कुठला पवित्रा घ्यायचा, हे भोपळा चिरून सापडणार नाही. ते वाजवणाऱ्याला आणि नाचणाऱ्यांना मिळून ठाऊक असतं.

हे मी हवेत बोलत नाहीये. अँथनी वॉलेस या अमेरिकन मानवशास्त्रज्ञानं १९५९ साली एक साधी तुलना केली. पेयोटी नावाच्या निवडुंगात मेस्कॅलिन असतं. प्रयोगशाळेत मेस्कॅलिन दिलेल्या गोऱ्यांचे अनुभव त्यानं एका बाजूला ठेवले, आणि प्रार्थनेत पेयोटी खाणाऱ्या मूळ अमेरिकन लोकांचे दुसऱ्या बाजूला. गोऱ्यांची मनःस्थिती झोके घेत होती, कधी कमालीचा आनंद तर कधी भयंकर उदासी, आणि वागण्याचा ताबा सुटत होता. दुसरीकडे शांतपणा होता, आदर होता, बेताल वागणं नव्हतं. रसायन एकच. सायकेडेलिक संशोधन आज ज्याला सेट आणि सेटिंग म्हणतं, म्हणजे मनाची तयारी आणि भोवतालची माणसं-जागा, ते हेच. खुद्द रसायनाचे अभ्यासक म्हणताहेत की रसायन पुरत नाही. आपण मात्र अजून २००६ च्या डायलॉगवरच!

आता ते 'ट्रिपमध्ये सुचलेलं' चित्र. १९८८ साली डेव्हिड लुईस-विल्यम्स आणि थॉमस डॉसन यांनी एक सिद्धांत मांडला, की जगभरच्या प्राचीन गुहाचित्रांतली वर्तुळं, नागमोडी रेघा, भोवरे हे तंद्रीत डोळ्यांसमोर येणारे आकार असावेत. हा चष्मा वारली चित्रांना लावायचा मोह होणं साहजिक आहे. पण वारली चित्रातला भोवरा म्हणजे नाच आहे हो! मध्ये तारपा वाजवणारा आणि भोवती एकमेकांना धरून फिरणारी माणसांची रांग. ती प्रत्यक्षात तशीच फिरते. त्यासाठी भास कशाला व्हायला हवा? लग्नाचा चौक सुवासिनी लिहितात, गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं, धवलेरीच्या गाण्यांच्या साथीनं. आणि गंजाडचे जिव्या सोमा मशे (१९३४-२०१८) यांनी लग्नाबिग्नाची वाट न बघता रोज बसून चित्रं काढली, तेव्हा कुठं जग ती बघायला आलं. २०११ ची पद्मश्री त्यांच्या हाताला आणि नजरेला होती. त्यांची कला ट्रिपच्या खात्यावर मांडणं म्हणजे शुद्ध चोरी आहे.

अशा कौतुकाचा शेवट कसा होतो तेही पाहून ठेवा. मेक्सिकोत वाउत्ला नावाच्या डोंगरी गावात मारिया साबिना नावाची बाई मश्रूमच्या रात्री चालवायची, आजारी माणसांसाठी. गॉर्डन वॉसन हा न्यूयॉर्कचा बँकवाला १९५५ साली त्यात बसला आणि १९५७ साली त्यानं 'लाइफ' मासिकात त्यावर लेख लिहिला. बाईचं नाव बदललं होतं, पण उपयोग काय? साठीच्या दशकात परदेशी तरुणांच्या झुंडी गावात उतरल्या, मागोमाग पोलीस आले, आणि गावानं दोष दिला बाईला. वॉसनला स्वतःला नंतर याचं वाईट वाटलं. आपल्याकडे एलएसडी आणि सायलोसिबिनवर १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानं बंदी आहे. तेव्हा 'आदिवासी शमनबरोबर एक रात्र' असली कल्पना कुणाच्या डोक्यात असेल तर त्यानं लक्षात ठेवावं, की पकडला गेला तर साहेब जामिनावर सुटेल आणि पाडा भोगत बसेल.

असो. आता मुख्य मुद्दा, ज्याच्यासाठी एवढं लिहिलं.

१९२२ साली याच पालघरच्या किनाऱ्यावर, मच्छीमारांच्या वस्त्यांत, एक देवी आली. सुरुवातीला ती देवीच्या रोगाची शांत करण्यापुरती होती. मग ती डोंगरातल्या आदिवासींत शिरली, उत्तरेला सरकत सरकत वर्षअखेरीला सुरत जिल्ह्यापर्यंत गेली. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांचं 'द कमिंग ऑफ द देवी' (१९८७) हे सगळं पुस्तक या एका गोष्टीवर आहे. पानांच्या मांडवात अंगात येणारी माणसं बसत, हातात तांबडं फडकं, मान घुमायला लागे. आणि जणू त्या फडक्यावर लिहिलेलं वाचतोय अशा थाटात ती देवीच्या आज्ञा सांगत. हजारो लोक ऐकायला जमत.

काय होत्या आज्ञा? दारू सोडा. ताडी सोडा. मांस-मासे सोडा. रोज अंघोळ करा, स्वच्छ राहा. आणि दारूच्या धंद्यात जे पारशी ठेकेदार-जमीनदार होते, त्यांच्याशी संबंध तोडा.

यामागचा हिशोब समजून घ्या. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानं घरची दारू गुन्हा झाली आणि ठेकेदाराची दारू कायदेशीर झाली. १८९२ च्या मोहवा कायद्यानं ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुलं साठवण्यावरसुद्धा निर्बंध आले. ताडाच्या झाडांवर कर होताच. प्यायचं तर दुकानात, पैसे नसले तर उधारीवर, आणि उधारी फेडायला त्याच माणसाच्या शेतात राबायचं. दारू ही तिथं साखळी होती. आणि ती साखळी तोडा असं सांगणारा आवाज कुठून आला? एका सभेतून नाही, पत्रकातून नाही. घुमणाऱ्या माणसाच्या तोंडून आला. पुढं त्या आज्ञांना गांधींचं आणि खादीचंही नाव जोडलं गेलं. (मुन्नाभाईच्या चौऱ्याऐंशी वर्षं आधी!)

आता सांगा, ताडी चढलीय म्हणणाऱ्यांनी याचं काय करायचं? ज्या वाऱ्याला तुम्ही ताडीची नशा म्हणता, त्या वाऱ्यानंच ताडी सोडवली.

पण थांबा. भगताची आरती ओवाळायला मी बसलेलो नाही. याच मुलखात, असंच अंग थरथरून, अशाच बदललेल्या आवाजात, 'ही बाई भुताळी आहे' असंही सांगितलं गेलंय. के. जे. सावे यांच्या १९४५ सालच्या वारलींवरच्या पुस्तकात भुताळीची ही धास्ती सापडते. भुताळी ठरलेल्या बाईच्या वाट्याला मारहाण आणि त्याहून वाईटही येऊ शकतं. एका वाऱ्यानं ठेकेदाराची साखळी तोडली, दुसऱ्या वाऱ्यानं एका गरीब बाईचं आयुष्य मोडलं. दोन्ही वेळी डोक्याला ईईजी लावला असता तर लहरी कदाचित सारख्याच निघाल्या असत्या. मग या दोन प्रसंगांतला फरक यंत्र सांगणार आहे का? आणि आपल्याला कळायला हवाय तो नेमका हाच फरक! केमिकल लोचा म्हटलं की दोन्ही सारखे ठरतात. शमन म्हटलं तरी दोन्ही सारखेच ठरतात. म्हणून माझा या दोन्ही शब्दांवर राग आहे.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. आजच्या तलासरी तालुक्यातल्या झरी गावात २३ मे १९४५ रोजी पाचेक हजार वारली जमले. वेठ करणार नाही, रोख बारा आणे रोजाशिवाय जमीनदाराच्या शेतात पाय ठेवणार नाही, असं त्यांनी ठरवलं. तिथं कुणाच्या अंगात आलं नव्हतं. शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या किसान सभेची ती परिषद होती. गोदावरीबाईंच्या पुस्तकाचं नावच 'जेव्हा माणूस जागा होतो' असं आहे. मग जागं होणं हाच खरा मार्ग आणि घुमणं ही झोप, असंच ना?

झरीचं मोल मी कमी करत नाही. वेठबिगार मोडली ती झरीनं, देवीनं नाही. वाऱ्याशी वाद घालता येत नाही, सभेत घालता येतो, आणि हा फरक फार मोठा आहे. पण तेवीस वर्षं आधी, ना संघटना ना लाल बावटा अशा काळात, 'आम्ही नाही म्हणू शकतो' हे याच पट्ट्यातल्या आदिवासींनी बोलून दाखवलं होतं, आणि जी भाषा हाताशी होती तिच्यात दाखवलं होतं. त्याला नुसती झोप म्हणणं कृतघ्नपणाचं होईल.

मग वाऱ्याला जोखायचं कसं? त्याचं उत्तर आपल्याकडे आहे, फक्त आपण ते वाचत नाही. २० ऑगस्ट २०१३ ला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. तो कायदा काय म्हणतो पाहा. अंगात शक्ती आल्याचं भासवून लोकांच्या मनात भीती घालणं किंवा 'ऐकलं नाहीस तर वाईट होईल' म्हणून धमकावणं, हा गुन्हा. साप-विंचू-कुत्रा चावलेल्याला औषधोपचारापासून रोखून मंत्र घालत बसणं, हाही गुन्हा. नुसतं घुमणं गुन्हा नाही! जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीतही तेच. अंगात येणं हा विकार कधी? तर ते नकोसं असेल, आपोआप होत असेल, त्या समाजाच्या मान्य विधीत बसत नसेल आणि त्यानं माणसाचं जगणं विस्कटत असेल तर. कायदा आणि वैद्यक दोघंही विचारतात, की यानं कुणाचं काय झालं? मेंदूचा फोटो कुणीच मागत नाही.

जिथं प्रश्न रसायनाचा आहे तिथं रसायनाला माझा दंडवत. विंचवाच्या विषावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन वापरलं आणि कोकणात विंचवानं मरणारी माणसं वाचायला लागली. नागाचं विष कुठल्या देवाचं ऐकत नाही. साप चावला तर आधी दवाखाना, भगतानं तसं सांगितलं नाही तर तो चुकला, यात माझ्याकडून तडजोड नाही. कुणाला वरचेवर फिट येत असेल, आवाज ऐकू येऊन भीती वाटत असेल, तर डॉक्टरकडेच न्यायचं.

पण ज्याच्यात विषही नाही आणि आजारही नाही, अशा वाऱ्यासमोर उभं राहाल तेव्हा तीन प्रश्न विचारा. हा आवाज कुणाला भीती घालतोय? कुणाची भीती काढतोय? आणि याचे पैसे कुणाच्या खिशात जाताहेत? भुताळी ठरलेल्या बाईला, कर्जात बुडालेल्या मजुराला, आजारी पोराच्या आईला या तीन प्रश्नांच्या उत्तरांनीच फरक पडतो. डहाणूच्या भगताला विचारा, आणि हो, शहरातल्या एसी हॉलमध्ये माइक लावून घुमणाऱ्या बाबांनाही तेच विचारा. त्यांच्याबद्दल बोलताना मात्र आपण 'केमिकल लोचा' म्हणत नाही, 'गुरुजी' म्हणतो. का बरं?